रविवारची घोडी आणि रोजची चंदी

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

फलटण तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. यजमान पुण्याला नोकरीत. शेती आणि दोन गाई त्या आणि त्यांचे सासरे मिळून बघतात. गेल्या दत्तजयंतीला मामंजींनी सारंगखेड्याच्या यात्रेतून नातीसाठी पाच वर्षांची, मारवाडी वळणाची घोडी आणली. आली तेव्हा इतकी गरीब होती की लहान मूल पोटाखालून गेलं तरी हलायची नाही. संक्रांतीनंतर तिचं वागणं पालटलं. तोबरा (तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी) दिसला की पुढचा पाय आपटते, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना मान वळवून चावायला येते, गव्हाणीची फळी कुरतडते, आणि बाहेर काढली की उधळते. चैत्रात तेरा वर्षांची मुलगी तिच्यावरून पडली आणि मनगट मोडलं.

खुराक, म्हणजे घोडीची चंदी, असा: सकाळी सहाला दोन किलो हरभरा, रात्री भिजवलेला. संध्याकाळी अडीच किलो मक्याचा भरडा, त्यात अर्धा किलो गूळ, चमचाभर तूप, दोन अंडी. दुपारी उसाचं वाढं (उसाचे हिरवे शेंडे) असेल तसं, रात्री कडब्याच्या दोन पेंढ्या. रपेट फक्त रविवारी सकाळी, मुलीला सुट्टी असते तेव्हा.

वरातीला घोडी देणारे शेजारी म्हणतात, ‘हरभऱ्याने माजलीय, दाणा बंद करा.’ यजमान म्हणतात, विकून टाका. मामंजी म्हणतात, ‘आमच्या टांग्याच्या घोड्याला याच्या दुप्पट चंदी होती, त्याने कधी कुणाला पाडलं नाही.’ ताई विचारतात: दाणा बंद करू का, घोडी विकू का, आणि काहीही केलं तरी मामंजींना कसं सांगू?

ताई,

आधी मुलीबद्दल. प्लास्टर निघालं तरी लगेच तिला घोडीवर बसवू नका. घोडीचं वागणं निवळायला तीन-चार आठवडे तरी लागतील आणि त्या काळात तिच्या पाठीवर मूल नको. मुलगी हट्ट करेल. तिला खरारा करू द्या, पाणी दाखवू द्या, पण मोठं माणूस शेजारी उभं असताना.

आता घोडीकडे येऊ. ‘माजली’ हा शब्द तुमच्या पत्रात चार वेळा आला आहे. तो बाजूला ठेवून तुम्हीच लिहिलेल्या खुणा पुन्हा बघा. तंग आवळला की चावायला येणं, लाकूड कुरतडणं, दाण्याच्या वेळेला अधीर होणं. या खुणा माजलेल्या जनावराच्या असतील, तशाच पोटात जळजळ होणाऱ्या आणि चाऱ्याला भुकेलेल्या जनावराच्याही असतात. पाच किलोच्या आसपास खुराक खाणारी घोडी भुकेली कशी, असं तुम्ही म्हणाल. त्यासाठी तिच्या पोटात डोकवावं लागेल.

तुमच्या दावणीला गाई आहेत म्हणून सोपं करून सांगते. गाय भराभर खाऊन घेते आणि मग निवांत बसून रवंथ करते. घोड्याला ती सोय नाही. त्याचं जठर शरीराच्या मानाने अगदी लहान, जेमतेम 8 ते 15 लिटरचं. चारा आंबवून त्यातून ताकद काढण्याचं काम मागे, मोठ्या आतड्यात चालतं. जठरात आम्ल मात्र रात्रंदिवस पाझरत असतं, खाणं असो वा नसो. ते आम्ल मारते लाळ, आणि घोड्याची लाळ सुटते फक्त चावताना. एक किलो वाळलेला चारा चावायला घोड्याला साधारण 40 मिनिटं लागतात, एक किलो दाणा दहा मिनिटांत संपतो. एकदा घड्याळ घेऊन गव्हाणीशेजारी उभ्या राहा. तुमची घोडी सकाळचा तोबरा वीस-पंचवीस मिनिटांत संपवत असेल. मग दुपारपर्यंत तिच्या तोंडाला काय आहे? फळी. ती फळी कुरतडते याचं मला नवल वाटत नाही.

दुसरी गोष्ट स्टार्चची, म्हणजे दाण्यातल्या पिठाची. ते लहान आतड्यात पचलं तर त्याची साखर होऊन रक्तात जाते आणि खाल्ल्यानंतर दीड-दोन तासांनी ती सर्वांत चढलेली असते. एका वेळी फार झालं तर न पचलेलं पीठ तसंच मोठ्या आतड्यात उतरतं, तिथे भराभर आंबतं आणि तिथलं आम्ल वाढतं. पोटशूळ आणि खुरांच्या आतल्या भागाची ती भयंकर सूज, लॅमिनायटीस, यांची सुरुवात पुष्कळदा इथे होते. म्हणून एका वेळच्या खाण्यात वजनाच्या दर किलोमागे एक ग्रॅमपेक्षा जास्त स्टार्च नसावा, असा दंडक पाळतात.

तुमच्या घोडीचं वजन किती? काटा लागत नाही, शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर मोजा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या, म्हणजे मागच्या मांडीच्या वरच्या भागाच्या, मागच्या टोकापर्यंत लांबी मोजा, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराला घेराने गुणा, त्याला लांबीने गुणा आणि 11,880 ने भागा. घेर 160 आणि लांबी 150 आली तर सुमारे 323 किलो. मारवाडी वळणाच्या घोडीला हे वजन शोभेल, म्हणून तेच धरते. म्हणजे एका वेळी स्टार्चची मर्यादा झाली 325 ग्रॅमच्या आतबाहेर. मक्यात साधारण दोन-तृतीयांश स्टार्च असतो. अडीच किलो भरड्यात दीड किलोहून जास्त, म्हणजे मर्यादेच्या पाच पट, आणि वर गूळ. हरभऱ्यात स्टार्च कमी, चाळीस टक्क्यांच्या आसपास. तरी दोन किलोत मर्यादेच्या दुपटीहून अधिक झाला.

शेजाऱ्यांचा राग हरभऱ्यावर आहे. मला विचाराल तर तुमच्या तबेल्यातला खरा गुन्हेगार संध्याकाळचा मका आणि गूळ आहे. हरभरा आणि हुलगे दख्खनच्या घोड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले आहेत. ते थोडे, भिजवून किंवा उकडून आणि चाऱ्याच्या मागून दिले तर चांगलं अन्न आहे. उन्हाळ्यात भिजवलेल्या हरभऱ्याला आंबूस वास आला तर तो मात्र फेकून द्या. अंडी आणि चमचाभर तुपाने घोडी बिघडत नाही की पळत नाही. ती अंडी नातीला खाऊ घालावीत.

आणि रविवार. सहाला तोबरा, सात-साडेसातला खोगीर. रक्तातली साखर ऐन चढाला असताना तुम्ही तिला बाहेर काढता, तेही सहा दिवस खुंट्याला उभी राहिल्यावर. तिने उधळावं यात तिचा दोष मला दिसत नाही.

इथे मामंजींचं म्हणणं नीट ऐकायला हवं. त्यांच्या टांग्याच्या घोड्याची चंदी मोठी होती आणि ती बरोबरच होती. तो घोडा पहाटे जुंपला की दिवसभर माणसं वाहायचा, नाक्यावर उभा असताना तोंडाला तोबरा किंवा गवत असायचं, रात्री थकून यायचा. खाल्लेलं सगळं चाकांत जायचं. त्या घोड्याची चंदी आज आठवड्यातून एक तास चालणाऱ्या घोडीला मिळते आहे. मामंजींच्या हाताला चंदीचं माप पक्कं आठवतं. बदललं आहे ते घोड्याचं काम.

कामाशिवाय दाणा किती वाईट ते मी एकदा जवळून पाहिलं आहे. एका ओळखीच्या तबेल्यात घोडा दोन दिवस सुट्टीवर होता आणि चंदी रोजचीच चालू होती. सोमवारी बाहेर काढला. वीस-पंचवीस पावलं चालला आणि थांबला. मागच्या मांड्यांना हात लावला तर लाकडासारख्या कडक, अंगाला घामाची धार, आणि लघवी केली ती कॉफीच्या रंगाची. अशा वेळी घोड्याला एक पाऊलही चालवायचं नसतं, आहे तिथेच उभा ठेवून डॉक्टरांना बोलवायचं असतं. त्यांनी वाचवला. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते: ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी दाणा निम्मा किंवा त्याहून कमी, चारा मात्र पोटभर.

मग दाणा बंद करू का? आज एकदम नको. मोठ्या आतड्यातले जंतू ठरावीक अन्नाला सरावलेले असतात, बदल दहा-बारा दिवसांत हळूहळू करावा. मी तुमच्या जागी असते तर पहिल्या दिवशी दोनच गोष्टी केल्या असत्या. गूळ बंद, आणि आहे तोच दाणा दोनाऐवजी चार वेळांत विभागून, प्रत्येक वेळी आधी चारा आणि मग दाणा. मग दर तीन दिवसांनी मका पाव हिश्श्याने कमी, बाराव्या दिवशी शून्य. हरभरा त्याच काळात उतरवत सकाळी अर्धा किलो, संध्याकाळी अर्धा किलो, कोरडा असताना मोजून. डब्याने मोजू नका. मक्याचा डबा आणि ओटचा डबा यांच्या वजनात फार फरक असतो. एकदा काट्यावर तोला आणि डब्याला आतून खूण करा.

चारा वाढवणं हे दाणा कमी करण्याहून महत्त्वाचं. घोड्याला रोज वजनाच्या दोन टक्के कोरडा चारा हवा, दीड टक्क्याच्या खाली कधी जाऊ नये. 325 किलोच्या घोडीला सुमारे साडेसहा किलो. तुमच्या दोन पेंढ्या जेमतेम तीन-चार किलो भरत असतील, आणि त्यातली जाड धाटं ती टाकून देत असणार. मारवेल किंवा डोंगरी गवत वाळवलेलं मिळालं तर उत्तम. नाहीतर चांगला वाळलेला, बुरशी नसलेला कडबा. रात्री एकदम टाकण्यापेक्षा दिवसातून चार-पाचदा टाका, आणि सगळ्यात मोठा भारा झोपण्याआधी. बारीक छिद्रांच्या जाळीत भरून टांगला तर तोच चारा जास्त वेळ पुरतो. हिरवी कोवळी ज्वारी मात्र घोडीला घालू नका. गाईंना तिची विषबाधा होते हे तुम्हाला माहीत आहेच. घोड्यांना हिरव्या ज्वारीवर बरेच दिवस ठेवलं तर मूत्राशय बिघडतं आणि मागचे पाय लटपटतात.

वाढ्याबद्दल थोडं थांबून लिहिते, कारण ऊसपट्ट्यातले बरेच घोडेवाले ते फुकट मिळतं म्हणून घालतात. वाढ्यात ऑक्झलेट असतं आणि ते कॅल्शियम बांधून ठेवतं, हे दूधवाल्यांच्या तोंडून तुम्ही ऐकलं असेल. गाईच्या कोठीपोटातले जंतू त्यातलं बरंचसं फोडतात. घोड्याच्या बाबतीत कॅल्शियम लहान आतड्यातच शोषलं जायला हवं आणि ऑक्झलेटने बांधलेलं तिथे हाती लागत नाही. हत्तीगवताचंही तेच. त्यात भर म्हणून गव्हाचा कोंडा घालणारे असतात; कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या जवळजवळ दहा पट. असं महिनोन्‌महिने चाललं तर घोडा आपल्याच हाडांतून कॅल्शियम काढतो, लंगडू लागतो, आणि नाकाच्या दोन्ही बाजूंची हाडं फुगतात. तुमच्या घोडीला वाढं तोंडी लावण्यापुरतंच असू द्या. रोज तीन-चार किलो हिरवा लसूणघास द्या, त्यात कॅल्शियम भरपूर असतं. तोही एकदम भारा टाकून नाही, मूठमूठ वाढवत.

एवढं करून घोडीच्या फासळ्या दिसायला लागल्या तर? फासळ्या बोटांना लागाव्यात, डोळ्यांना दिसू नयेत, हे माप. ताकद हवी पण उसळी नको, अशा घोड्याला तेल उपयोगी पडतं. घोड्याला पित्ताशय नसतं, तरी तेल हळूहळू वाढवलं तर ते छान पचवतो. तुमच्या भागात करडईचं मिळेल. 30 मिलीने सुरू करा आणि दोन-तीन आठवड्यांत 100 मिलीपर्यंत न्या. 1996 साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेकच्या संशोधकांनी घोड्यांच्या खुराकात मक्याचं तेल आणि सोया लेसिथिन घालून बघितलं होतं. ते घोडे आपणहून कमी धावपळ करत आणि अचानक झालेल्या आवाजाला कमी बिचकत. तेल म्हणजे औषध नव्हे, पण पिठाच्या जागी तेल आणि चारा आला की कित्येक घोडे निवळतात.

चारा आणि तेलासोबत मीठ, रोज वीस-पंचवीस ग्रॅम, आणि पाणी सतत समोर. उन्हाळ्यात तीस-चाळीस लिटरही लागेल. गोठ्यातली गोळीपेंड किंवा कोंबड्यांचं खाद्य घोडीच्या तोंडी कधीही जाऊ देऊ नका. त्यांतल्या काहींत मोनेन्सिनसारखी औषधं असतात. गाईला आणि कोंबडीला ती चालतात, घोड्याच्या हृदयाचे स्नायू मात्र थोड्याशा मात्रेनेही निकामी होतात.

आता मला तुमच्याच नाही, शेजाऱ्यांच्याही एका समजुतीला हात घालायचा आहे. खुराक बदलला की स्वभाव बदलतो, असं सरसकट नसतं. पीठ चढलेल्या घोड्याचं चढलेपण उतरेल. दुखणाऱ्या घोड्याचं दुखणं खुराकाने जाणार नाही. म्हणून डॉक्टरांना एकदा बोलवाच. जठरात व्रण आहेत का, दाढांच्या कडा धारदार होऊन गालाला लागतात का (खाताना अर्धवट चावलेले गोळे तोंडातून पडतात का, बघा), खोगिराखाली पाठ दुखते का, हे त्यांनी पाहावं. शिवाय ती घोडी आहे. उन्हाळ्याच्या बाजूला साधारण दर 21 दिवसांनी माजावर येते आणि तेव्हा काहीजणी चिडखोर होतात. ती उधळली किंवा चावायला आली ती तारीख कॅलेंडरवर मांडा. दोन महिन्यांत अंतर दिसलं तर निम्मं उत्तर तिथेच आहे.

आणि ती एकटी आहे. यात्रेत शेकडो घोड्यांच्या मध्ये उभी असलेली घोडी तुमच्या वस्तीवर एकटी खुंट्याला आहे. गाईंच्या नजरेसमोर बांधा, तेवढ्यानेही फरक पडतो. रोज चाळीस मिनिटं तरी तिला हातात दोर धरून चालवा. हे काम मामंजींना द्या.

म्हणजे आपण तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर आलो. पत्र वाचताना मला वाटलं, तुम्हाला खरं जड जातंय ते हेच. ‘तुमच्या चंदीमुळे पोरगी पडली’ हे वाक्य घरात कुणाच्याही तोंडून जाऊ देऊ नका, यजमानांच्याही नाही. नात पडली त्या दिवसापासून ते मनातल्या मनात हेच म्हणत असतील. त्यांना टांग्याच्या घोड्याबद्दल विचारा: किती वाजता जुंपायचात, किती फेऱ्या व्हायच्या, नाक्यावर त्याच्यापुढे काय टाकायचात, सुट्टीच्या दिवशी किती द्यायचात. ते जे सांगतील त्यातच चारा किती आणि काम किती हे येईल. मग टेप त्यांच्या हातात द्या, घेर त्यांनाच मोजू द्या, गुणाकार नातीला करू द्या. माप त्यांचं असलं की दाणा कमी केल्याचा अपमान वाटत नाही.

विकण्याचा प्रश्न आज सोडवू नका. आत्ताच्या अवस्थेत विकलीत तर ‘उधळणारी’ म्हणून कमी किमतीत जाईल आणि पुढचा मालक तिला काटेरी लगामाने सरळ करू पाहील. दोन महिने द्या. त्यानंतर पोट शांत, पाठ बरी, रोज चालणं, आणि तरीही ती मोठ्या माणसाच्या हाताखाली बिचकत असेल, तर ती तेरा वर्षांच्या मुलीची घोडी नाही. पाच वर्षांचं जनावर आणि नवशिका स्वार ही जोडी तशीही अवघडच. तेव्हा जाणत्या माणसाला, खरं काय ते सांगून द्या.

हे सदर वाचणाऱ्या दुसऱ्या घोडेवाल्यांसाठी एक खुलासा. माथेरानसारख्या ठिकाणी दिवसभर चढ-उतार करणाऱ्या घोड्याला यातला ‘दाणा कमी’ हा भाग लागू नाही. त्याला दाणा लागतोच, मिळतो त्याहून जास्तही लागत असेल. तो तीन-चार तोबऱ्यांत विभागा आणि फेऱ्यांच्या मधल्या वेळी पुढ्यात गवत ठेवा. वरातीला घोडी देणाऱ्यांनी बँडसमोर नेण्याआधी तोबरा भरून देण्याची सवय सोडावी. त्याऐवजी दोन मुठी चारा द्यावा. पोटात थोडा चारा असला की चालताना आम्ल वर उसळत नाही. ताई, रपेटीआधी तुम्हीही हेच करा.

पोट दुखत असेल तर ती पुन्हा पुन्हा कुशीकडे बघेल, जमीन उकरेल, लोळेल, लीद टाकणार नाही. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे वाट बघण्यात वेळ घालवू नका. दाणा काढून घ्या आणि डॉक्टरांना फोन करा. खुरं गरम लागली, पुढचे पाय पुढे टाकून मागच्यांवर भार घेतला, तरी तेच.

चार आठवड्यांनी पहिली रपेट ठरवाल ती अशी: सकाळचा दाणा नाही, फक्त गवत. आधी मामंजी किंवा जाणता चाबूकस्वार (घोडे शिकवणारा) तिला लांब दोरावर पंधरा-वीस मिनिटं फिरवेल. मग मोठ्या माणसाने बसावं, नुसतं चालीवर. घोडीने मान खाली सोडली, फुरफुरली आणि तंग आवळताना मागे वळून पाहिलं नाही, तर त्याच्या पुढच्या रविवारी नातीला बसवा, दोर मामंजींच्या हातात असू द्या.